सहा वह्या : संत फॉस्टिनाची गोष्ट

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये डोकावून बघा. बहुतेक बाकं रिकामी असतात, पण पुढच्या दोन-तीन बाकांवर काही माणसं बसलेली दिसतील. त्यांत बायकाच जास्त, एखाद-दुसरे निवृत्त काका, कधी कॉलेजची बॅग पाठीला असलेला एखादा मुलगा. समोर येशूची तसबीर असते. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डावा छातीवर, आणि छातीतून निघणारे दोन किरण, एक फिकट पांढरा आणि एक लाल. लोकांच्या हातात माळ रोझरीचीच असते, पण प्रार्थना वेगळी. जगावर दया कर अशी विनवणी मणी ओढत पुन्हा पुन्हा केली जाते. दहा-बारा मिनिटांत ती संपते. मग कोणी आजारी माणसांची नावं घेतं, कोणी एका जाड पुस्तकातलं अर्धं पान वाचतं आणि मंडळी पांगतात.

हा दैवी करुणेचा प्रार्थनागट. ती तसबीर, ती जपमाळ, तीन वाजताची ती वेळ आणि ते जाड पुस्तक, या सगळ्यामागे एकच बाई आहे. तिचं शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं, काम स्वयंपाकघरातलं आणि आयुष्य तेहतीस वर्षांचं. आपण वाङ्मय मंडळाची माणसं. पुस्तकं कोण लिहितं आणि कोणाच्या लिहिण्यावर जग विश्वास ठेवतं, हा प्रश्न आपल्याला पडतोच. म्हणून ही गोष्ट इथे सांगावीशी वाटली.

तिचं घरचं नाव हेलेना. २५ ऑगस्ट १९०५ रोजी पोलंडमधल्या ग्वोगोव्येत्स नावाच्या छोट्या खेड्यात तिचा जन्म झाला. त्या वेळी तो भाग रशियाच्या झारच्या ताब्यात होता. वडील स्तानिस्वाव कोवाल्स्की सुतारकाम करत, थोडी शेती होती. आई मारिआन्ना. दहा मुलांमध्ये हेलेना तिसरी. घरात देवाचं वातावरण होतं, पण पैसा नव्हता. रविवारच्या मिस्सेला जायला सगळ्या बहिणींना पुरतील एवढे चांगले कपडेही नसायचे. शाळा गावाजवळ आली तेव्हा हेलेना बारा वर्षांची झाली होती. तीन हिवाळेही पूर्ण झाले नाहीत, तोच तिला शाळा सोडावी लागली, कारण धाकट्या मुलांना जागा हवी होती. वाचायला यायचं, लिहायलाही यायचं, पण शुद्धलेखन असं ते कधी नीट शिकताच आलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पंधरा-सोळाव्या वर्षी ती घरकामाला लागली. आधी जवळच्या अलेक्सांद्रूव्हमध्ये, मग कापडगिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वूच शहरात. दुसऱ्यांच्या घरी झाडलोट, स्वयंपाक, मुलांना सांभाळणं ही कामं. मनात मात्र लहानपणापासून एकच होतं, मठात जायचं. आईवडिलांना विचारलं, तर ते नाही म्हणाले. मुलीला कॉन्व्हेंटमध्ये पाठवायचं तर सोबत काही पैसे आणि कपडालत्ता द्यावा लागे. तो कुठून आणणार? शिवाय कामाला हातभार लावणारी मुलगी हातची गेली असती. हेलेनाने पुन्हा विचारलं, पुन्हा नकार मिळाला. मग तिनेही तो विचार बाजूला सारला. नटावं, हसावं, मैत्रिणींसोबत फिरावं, असं चारचौघींसारखं जगायचं तिने ठरवलं.

१९२४ च्या उन्हाळ्यात वूचमधल्या एका बागेत नाच होता. ती बहिणीबरोबर गेली. तिने नंतर लिहिलं आहे त्याप्रमाणे, नाच ऐन रंगात आलेला असताना तिला शेजारी येशू उभा दिसला, अंगावर जखमा झालेला. किती दिवस मला थांबवून ठेवणार, असं तो विचारत होता. तिने डोकं दुखायचं निमित्त केलं, नाचातून बाहेर पडली आणि जवळच्या कॅथीड्रलमध्ये जाऊन पालथी पडली. तिथून उठली ती वॉर्साला जायचं ठरवूनच. अंगावरच्या कपड्यांनिशी ती आगगाडीत बसली. आईवडिलांना बहिणीकरवी नुसता निरोप.

वॉर्सात ओळखीचं कोणी नव्हतं. एका चर्चमधल्या फादरांनी तिला एका भल्या कुटुंबात राहायला आणि कामाला जागा मिळवून दिली. मग ती एकेका कॉन्व्हेंटचं दार ठोठावू लागली. कुठेच दाद लागेना. शिक्षण नाही, पैसा नाही, घरकाम करणारी मुलगी. शेवटी करुणामाता मारियेच्या भगिनींच्या मठात एका मदरने तिच्याशी दोन शब्द बोलायची तयारी दाखवली. ही संस्था वाट चुकलेल्या, रस्त्यावर आलेल्या मुलींना आसरा देऊन काम शिकवत असे. मदरने हेलेनाला सांगितलं, की आधी घराच्या मालकालाच विचारून ये, तो घेतो का ते. हेलेनाला अर्थ कळला. ती चॅपेलमध्ये गेली, प्रार्थना केली आणि हो म्हणून उत्तर मिळाल्याचं सांगत परत आली. तरी अट होतीच. वर्षभर काम करून कपड्यालत्त्यापुरते पैसे साठवायचे. तिने ते साठवले. १ ऑगस्ट १९२५ रोजी, विसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, ती मठात दाखल झाली. पुढच्या एप्रिलमध्ये क्राकूव्हजवळच्या वागिएव्निकी इथे तिला झगा आणि नवं नाव मिळालं, सिस्टर मारिया फॉस्टिना.

त्या संस्थेत शिकलेल्या सिस्टर्स शिकवायचं आणि कारभाराचं काम बघत. फॉस्टिनांसारख्या कमी शिकलेल्या सिस्टर्सच्या वाट्याला चूल, बाग, बेकरी आणि फाटक यायचं. त्यांची या घरातून त्या घरात सारखी बदली होई. तब्येत मुळातच नाजूक होती. बटाटे उकडलेलं भलंमोठं पातेलं चुलीवरून उतरवून पाणी ओतून टाकायचं काम त्यांना झेपत नसे. बटाटे सांडायचे, मग त्या ते काम टाळू लागल्या, आणि बाकीच्यांच्या ते लक्षात आलं. प्रार्थनेत त्यांनी ही अडचण देवाला सांगितली. नंतर एकदा झाकण काढलं, तर बटाट्यांच्या जागी लाल गुलाब दिसले, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आपल्याला दळणाकांडणात देव भेटलेल्या जनाबाईची आठवण येते. मोठमोठ्या दर्शनांपेक्षा मला हा बटाट्यांचा प्रसंग जास्त जवळचा वाटतो. ज्या कामाची लाज वाटत होती, त्याच पातेल्यात फुलं दिसावीत!

२२ फेब्रुवारी १९३१. फॉस्टिना तेव्हा प्वोत्स्क गावच्या मठात होत्या, बेकरीच्या दुकानात पाव विकायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या संध्याकाळी आपल्या खोलीत त्यांना पांढऱ्या झग्यातला येशू दिसला, छातीतून दोन किरण निघालेले. जसं दिसतंय तसं चित्र काढून घे आणि खाली त्याच्यावर भरवसा असल्याची ओळ लिही, असा त्यांना आदेश झाला. ईस्टरनंतरचा पहिला रविवार करुणेचा सण म्हणून पाळला जावा, अशीही मागणी होती. ते दोन किरण म्हणजे क्रुसावर भाला खुपसल्यावर येशूच्या कुशीतून निघालेलं रक्त आणि पाणी, असा खुलासा त्यांना पुढे मिळाला.

आता अडचण बघा. फॉस्टिनांना चित्र काढता येत नव्हतं. मठात सांगितलं तर वरिष्ठांनी काही खूण मागितली. पापनिवेदनाच्या वेळी सांगितलं, तर आपल्या मनातच ते चित्र कोर, असा सल्ला मिळाला. काही सिस्टर्सना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. खुद्द फॉस्टिनांनाही शंका येई, की हा आपल्या मनाचाच खेळ तर नसेल? त्या काळात त्यांनी या सगळ्यापासून सुटका मागून पाहिली, पण सुटका झाली नाही.

१९३३ च्या मे महिन्यात क्राकूव्हला त्यांनी कायमची व्रतं घेतली आणि त्यांची बदली विल्नोला झाली. हे शहर तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज ते लिथुएनियाची राजधानी विल्नियस आहे. तिथे बागेचं काम मिळालं. आणि तिथेच त्यांना फादर मिखाऊ सोपोच्को भेटले. ते विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवत आणि मठातल्या सिस्टर्सचं पापनिवेदन ऐकत. फॉस्टिनांनी सगळं सांगितलं. या विद्वान माणसाने बाईला वेडी ठरवलं नाही आणि लगेच संतही ठरवलं नाही. त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरकडून तिची तपासणी करून घेतली. मन ठणठणीत असल्याचा निर्वाळा मिळाला. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. शेजारी राहणारे चित्रकार एउगेनिउश काझिमिरोव्स्की यांना चित्र काढायला सांगितलं. आणि दर वेळी पापनिवेदनात एवढं ऐकायला वेळ पुरत नाही म्हणून फॉस्टिनांना जे घडतं ते वहीत लिहायला लावलं.

चित्राचं काम १९३४ च्या जानेवारीपासून जूनपर्यंत चाललं. मठातल्या मदरबरोबर फॉस्टिना चित्रकाराकडे जात, हात असा हवा, नजर अशी हवी, असं सांगत. चित्र पुरं झालं तेव्हा त्या चॅपेलमध्ये जाऊन रडल्या. जसा दिसला होता तसा सुंदर तो उतरलाच नव्हता. पण चित्राचं मोठेपण रंगात किंवा कुंचल्यात नाही, देवाच्या कृपेत आहे, असं उत्तर त्यांना प्रार्थनेत मिळालं. लिहिणाऱ्या-चितारणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी अनुभवलेलं असतं. मनात असतं ते एक, कागदावर येतं ते दुसरं. ते अपुरं चित्रच १९३५ च्या एप्रिल अखेरीस विल्नोच्या प्रसिद्ध ऑस्त्रा ब्रामा या वेशीवर तीन दिवस लोकांसमोर ठेवलं गेलं. तो शेवटचा दिवस ईस्टरनंतरचा पहिला रविवार होता.

वहीची गोष्ट आणखी वेगळी. फादर सोपोच्को पवित्र भूमीच्या यात्रेला गेले असताना फॉस्टिनांनी लिहिलेलं सगळं जाळून टाकलं. एक देवदूत आला आणि हे जाळ म्हणाला, असं त्यांना वाटलं होतं. फादर परतले. तो देवदूत नव्हताच, असं त्यांचं मत पडलं आणि प्रायश्चित्त म्हणून पुन्हा लिहायला सांगितलं. म्हणून पहिल्या वहीत काळ मागेपुढे झालेला दिसतो. जुनं आठवून लिहायचं आणि त्याच वेळी रोजचं नवंही नोंदवायचं, अशी दुहेरी कसरत होती. येशूचे म्हणून जे शब्द ऐकले, त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची सूचना होती, तीही त्यांनी पाळली. दिवसभराचं काम उरकल्यावर, आजारपणात, मिळेल त्या वेळी लिहून अशा एकूण सहा वह्या झाल्या. खाडाखोड करून नटवायला वेळ नव्हता आणि तसं शिक्षणही नव्हतं. कानावर जसं पडलं तसं कागदावर उतरलं.

१९३५ च्या सप्टेंबरात विल्नोत दैवी करुणेची जपमाळ आली. नेहमीच्या रोझरीच्या मोठ्या मण्यावर ख्रिस्ताचं बलिदान पित्याला अर्पण करायचं आणि लहान मण्यांवर स्वतःसाठी व सगळ्या जगासाठी दया मागायची. प्रार्थना इतकी सोपी, की एकदा ऐकून पाठ व्हावी. पुढे क्राकूव्हला असताना, येशूच्या मरणाची वेळ म्हणून दुपारी तीन वाजता क्षणभर थांबायची प्रथा त्यांच्या वहीत आली. जमेल त्याने चर्चमध्ये, नाही जमलं तर जिथे असाल तिथे. हे गट आजही कुठेही उभे राहू शकतात त्याचं एक कारण हेच असावं. चार माणसं, एक माळ आणि एक वेळ एवढ्यावर भागतं.

पण फॉस्टिनांच्या वह्यांत नुसती जपमाळ नाही. करुणा तीन प्रकारे करायची, असं तिथे म्हटलंय. आधी कृतीने, मग शब्दाने, आणि ते दोन्ही शक्य नसेल तिथे प्रार्थनेने. एके ठिकाणी त्या आपले डोळे, कान, जीभ, हात, पाय आणि हृदय असं एकेक अवयव घेऊन तो दयाळू व्हावा असं मागतात. डोळ्यांनी वरवर बघून कोणाची पारख करू नये, कानांनी शेजाऱ्याचं कण्हणं ऐकावं. १९३६ नंतर वागिएव्निकीला त्यांच्याकडे फाटकाचं काम आलं. तो बेकारीचा काळ होता, दाराशी भुकेली माणसं येत. पावसात भिजलेल्या एका अनवाणी तरुणाला त्यांनी स्वयंपाकघरातून गरम सूप आणि पाव आणून दिला. तो निघताना तो कोण होता हे आपल्याला उमगलं, असं त्या लिहितात. माळ हातात घेऊन दाराशी आलेल्याला परत पाठवणाऱ्याची प्रार्थना किती पोचते, हे त्या प्रसंगातून कळतं.

शरीर मात्र क्षयाने पोखरत चाललं होतं. प्राद्निकच्या रुग्णालयात महिनोन्महिने काढावे लागले. एक नवी संस्था स्थापन करावी अशी ओढ त्यांना होती, पण वरिष्ठांची परवानगी मिळाली नाही आणि ते स्वप्न तसंच राहिलं. १९३७ मध्ये जपमाळेची छोटी पुस्तिका छापून आली, तेवढं त्यांनी पाहिलं. ५ ऑक्टोबर १९३८ च्या रात्री वागिएव्निकीच्या मठात त्यांचं निधन झालं. मठातल्या कित्येक सिस्टर्सना तेव्हा ठाऊकही नव्हतं, की हे चित्र आणि ही प्रार्थना आपल्याबरोबर भांडी घासणाऱ्या फॉस्टिनांमुळे आली.

वर्षभरात महायुद्ध पेटलं. पोलंडची वाताहत झाली आणि त्याच पोलंडमध्ये ही भक्ती घराघरांत शिरली. अडॉल्फ हिवा या चित्रकाराने आपलं कुटुंब वाचल्याबद्दल नवस म्हणून वागिएव्निकीच्या चॅपेलसाठी नवं चित्र काढून दिलं. आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक तसबिरी त्या चित्रावरूनच आल्या आहेत. त्या मठाजवळ सॉल्वे नावाचा रासायनिक कारखाना होता. तिथला कारोल वोयतिवा नावाचा एक तरुण कामगार पायात लाकडी तळव्यांचे बूट घालून येताजाता चॅपेलमध्ये थांबत असे.

मग आला तो आघात. ६ मार्च १९५९ रोजी रोमहून सूचना निघाली, की सिस्टर फॉस्टिनांनी सांगितलेल्या स्वरूपातली चित्रं आणि लिखाण यांचा प्रसार करू नये. अनेक चर्चमधून तसबिरी उतरवल्या गेल्या. फादर सोपोच्कोंना कडक समज मिळाली. वागिएव्निकीचं चित्र तेवढं जागेवर राहिलं. हे काम एकदा पुरतं मोडून पडल्यासारखं दिसेल, असं फॉस्टिनांनी आपल्या वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. आता ते समोर घडत होतं. प्रार्थना करणारे लोक गप्प झाले, काहींनी मनातल्या मनात ती चालू ठेवली. चर्चची आज्ञाही मोडायची नाही आणि भरवसाही सोडायचा नाही, हे सोपं नव्हतं. आज गटात सहज म्हटली जाणारी माळ एकोणीस वर्षं अशी अडकून पडली होती.

बंदी उठली ती मूळ वह्यांमुळे. तो कामगार तरुण आता क्राकूव्हचा आर्चबिशप झाला होता. १९६५ मध्ये त्याने फॉस्टिनांच्या जीवनाची आणि लेखनाची रीतसर चौकशी सुरू करवली. साक्षी घेतल्या, मूळ हस्तलिखित पुन्हा नीट वाचलं गेलं. १५ एप्रिल १९७८ रोजी रोमने जुनी सूचना मागे घेतली आणि १९५९ मध्ये अनेक मूळ कागदपत्रं समोर नव्हती हे मान्य केलं. वाङ्मय मंडळाच्या सभासदांनी इथे थोडं थांबावं. सदोष नकला आणि कच्ची भाषांतरं आधी पोचली, मूळ वही मागे राहिली, आणि एवढ्यावरून एका बाईचा शब्द दोन दशकं संशयात राहिला. अशिक्षित म्हणून जिला हसले, तिच्याच अशुद्ध अक्षरांतल्या वह्यांनी तिची बाजू सांगितली.

त्यानंतर सहा महिन्यांनी वोयतिवा पोप झाले, जॉन पॉल दुसरे. त्यांनी १८ एप्रिल १९९३ रोजी फॉस्टिनांना धन्यवादित म्हणून आणि ३० एप्रिल २००० रोजी संत म्हणून घोषित केलं. त्याच दिवशी ईस्टरनंतरचा पहिला रविवार सगळ्या चर्चसाठी दैवी करुणेचा रविवार ठरला. प्वोत्स्कच्या खोलीतली मागणी एकोणसत्तर वर्षांनी पुरी झाली. २ एप्रिल २००५ रोजी पोप वारले, तेव्हा करुणेच्या रविवारची पूर्वसंध्या होती. सोपोच्को मात्र बंदी उठायच्या तीन वर्षं आधी, १९७५ मध्येच गेले होते. २००८ मध्ये तेही धन्यवादित झाले.

म्हणून शुक्रवारी तीन वाजता चर्चमध्ये बसलेल्या त्या मूठभर माणसांकडे पुन्हा एकदा बघा. परीक्षेच्या दिवसांत आपण मुलंही तिथे जातो, खरं सांगायचं तर मार्क मागायला. जायला हरकत नाही. पण ज्या तसबिरीसमोर आपण बसतो, तिच्याखालची भरवशाची ओळ निकालाची खात्री देत नाही. ज्यांना वहीचं पुस्तक झालेलं बघायला मिळालं नाही त्या फॉस्टिनांनी, आणि बंदी उठलेली बघायला मिळाली नाही त्या सोपोच्कोंनी, तरीही तो भरवसा ठेवला. प्रार्थना आटपून बाहेर पडताना फाटकाशी कोणी उभं असेल, तर तिथे दोन मिनिटं थांबा. सिस्टर फॉस्टिनांची नेमणूकही शेवटी तिथेच होती.